आईचं रोम

“सिंह कुठून सोडायचे रे?” कोलोसियममध्ये शिरल्यावर आईने विचारलेला हा पहिला प्रश्न.

आई शहात्तर वर्षांची. वसईहून आमच्याकडे इंग्लंडला तीन महिन्यांसाठी आली होती. ऑक्टोबरमध्ये मुलाच्या शाळेला आठवडाभर सुट्टी असते, तेव्हा तिला घेऊन आम्ही चार दिवस रोमला गेलो. तिच्या व्हिसासाठी किती कागद जोडले, ते मंडळातल्या वाचकांना सांगायला नको!

आईने रोम पाहिलं नव्हतं, पण तिला ते पाठ होतं. तिच्या लहानपणी एका उपवासकाळात गावच्या चर्चच्या पटांगणात पांढरा पडदा बांधून ‘क्वो वादिस’ दाखवला होता. माणसं घरून चटया घेऊन आली होती. चित्रपट इंग्रजी, म्हणून फादर कर्ण्यावरून मराठीत गोष्ट सांगत होते. रॉबर्ट टेलर आणि डेबोरा कर ही नावं आईला आजही ठाऊक नाहीत. तिला आठवतो तो जळणारा रोम, पीटर उस्तिनोव्हचा लाडावलेला नीरो आणि सिंह अंगावर येत असताना गाणारी माणसं.

पुढे घरात व्हीसीआर आला. गुड फ्रायडेच्या आठवड्यात आम्ही भावंडंही तो चित्रपट पाहू लागलो. संपला की आई दरवर्षी विचारायची, “उद्या तुम्हाला कुणी असं उभं केलं, तर काय सांगाल?” आम्ही छाती फुगवून उत्तर द्यायचो. वसईत हा प्रश्न केवळ पडद्यावरचा नव्हता. आमच्याच वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सियांना १५९७ साली जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर मारलं गेलं, आणि १८६२ मध्ये ते संत म्हणून जाहीर झाले. अशा माणसाला आम्ही रक्तसाक्षी म्हणतो.

तर कोलोसियममध्ये आई सिंहांचे दरवाजे शोधत होती आणि माझा चौदा वर्षांचा मुलगा म्हणाला, “आजी, नीरो होता तेव्हा हे बांधलंच नव्हतं!”

मी डोळे वटारले, पण त्याचं खरं होतं. रोमला आग लागली ती इसवी सन ६४ मध्ये. नीरो मेला ६८ मध्ये. कोलोसियम त्याच्यानंतरच्या वेस्पासियनने बांधायला घेतलं, तेही नीरोच्या महालातलं तळं बुजवून, आणि उद्घाटन झालं ८० मध्ये. चित्रपटातलं मैदान नीरोच्या सर्कसचं होतं. आईने इतकी वर्षं तेच कोलोसियम धरून ठेवलं होतं. इथे ख्रिस्ती लोकांना सिंहांपुढे टाकल्याचा ठोस पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही.

आई एका दगडावर टेकली. बराच वेळ काही बोलली नाही. रात्री हॉटेलात मला हळूच म्हणाली, “मग आम्ही बघितलं ते सगळं खोटं?”

दुसऱ्या दिवशी तिला सेंट पीटर्सच्या चौकात नेलं. चौकाच्या मध्यभागी इजिप्तहून आणलेला उंच दगडी स्तंभ आहे. तो पूर्वी जवळच्याच नीरोच्या सर्कसमध्ये उभा होता. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने लिहून ठेवलंय, की आगीचा आळ ख्रिस्ती लोकांवर घालून नीरोने काहींना जनावरांची कातडी पांघरून कुत्र्यांपुढे टाकलं, काहींना क्रुसावर चढवलं, तर काहींना रात्री दिव्यांसारखं जाळलं. टॅसिटसला ख्रिस्ती लोकांबद्दल जराही प्रेम नव्हतं, तरी त्यांची दया येऊ लागली होती, असं तोच लिहितो. आई म्हणाली, “म्हणजे सिंह नव्हते, कुत्रे होते.” तिने क्रुसाची खूण केली आणि पुढे चालू लागली.

तिसऱ्या दिवशी ११८ नंबरच्या बसने आपिया रस्त्यावर गेलो. दोन हजारांहून जास्त वर्षांचा हा जुना रस्ता. शहराच्या तटबंदीबाहेर थोड्याच अंतरावर ‘दोमिने क्वो वादिस’ नावाचं छोटं चर्च आहे. आत पावलांचे ठसे असलेला दगड आहे. तो नक्कल, मूळचा पुढे सॅन सेबास्तियानोच्या चर्चमध्ये. शिवाय ही कादंबरी लिहिणाऱ्या हेन्रिक सिएंकिएविच या पोलिश लेखकाचा अर्धपुतळाही आहे.

आईला दंतकथा ठाऊक होती. छळ सुरू झाल्यावर पेत्र रोममधून निघतो. वाटेत येशू समोरून येताना दिसतो. पेत्र विचारतो, प्रभू, कुठे निघालास? येशू म्हणतो, रोमला, पुन्हा क्रुसावर जायला. पेत्र मागे फिरतो.

“म्हणजे हे चर्च पळून जाणाऱ्याच्या वाटेवर बांधलंय,” मुलगा म्हणाला. या वेळी मी डोळे वटारले नाहीत.

तिथून सॅन कॅलिस्टोच्या कॅटाकोंबमध्ये उतरलो. चित्रपटांत ख्रिस्ती लोक अशा भुयारांत लपतात. प्रत्यक्षात ही दफनाची जागा. मऊ दगडात खोदलेली जवळपास वीस किलोमीटरची गल्लीबोळं, भिंतीत एकावर एक खणांसारख्या कबरी. कितीतरी खण वीतभर लांबीचे, लहान मुलांचे. ऑक्टोबरातही स्वेटर घालावं लागलं.

आमच्याबरोबरच्या वयस्कर गाईडने पोप कॉर्नेलियस यांच्याबद्दल सांगितलं. त्यांची कबर याच कॅटाकोंबमध्ये आहे. २५० साली सम्राट डेसियसने फर्मान काढलं: प्रत्येकाने रोमच्या देवांना बळी वाहायचा आणि तसा दाखला घ्यायचा. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तमध्ये सापडलेत. काहींनी नकार दिला आणि ते मेले. पण पुष्कळांनी बळी वाहिला, काहींनी पैसे देऊन नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर ही माणसं चर्चच्या दारात परत आली. त्यांना आत घ्यायचं का? नोव्हेशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, कदापि नाही. कॉर्नेलियस म्हणाले, प्रायश्चित्त घेऊ द्या आणि घ्या. स्वतः कॉर्नेलियस मात्र २५३ मध्ये हद्दपारीत वारले.

आम्ही पाहिलेल्या एकाही चित्रपटात हे दारात उभे असलेले लोक नव्हते. २०१८ च्या ‘पॉल, अपोस्टल ऑफ क्राइस्ट’मध्ये रोम सोडावं की राहावं यावर ख्रिस्ती लोक आपसांत भांडतात, तेवढंच.

परतीच्या बसची वाट पाहताना मी आईला एक गोष्ट सांगितली. ती मी पंचवीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती. इंग्लंडमधल्या माझ्या पहिल्या नोकरीत एका शीख सहकाऱ्याच्या पगडीवरून जेवणाच्या टेबलावर टिंगल चालायची. एकदा तो समोर बसलेला असताना मीही हसलो. न हसतो तर पुढची पाळी माझी होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, डबा बंद केला आणि उठला. सिंह नव्हते, सम्राट नव्हता. आईच्या प्रश्नाला दरवर्षी छाती फुगवून उत्तर देणारा मी, एका सँडविचपुढे हरलो होतो.

मला वाटलं, आई समजूत घालेल. किंवा रागावेल.

“मग नंतर त्याच्याशी बोललास?”

“नाही. थोड्या महिन्यांनी तो नोकरी सोडून गेला.”

“पत्ता शोध,” ती म्हणाली. बस आली. मुलाने तिचा हात धरून तिला वर चढवलं.

आई वसईला परतली. फोनवर शेजारच्यांना रोम सांगताना तिच्या कोलोसियममध्ये आता सिंह नसतात, पण पेत्र पळाला होता हे ती आवर्जून सांगते. आणि दर रविवारी मला विचारते, “मिळाला का?”

गेल्या महिन्यात एका जुन्या सहकाऱ्याकडून पत्ता मिळाला. पत्र चारदा लिहून फाडलं. पाचवं टेबलावर आहे, पाकिटावर तिकीट लावून. दिवाळीच्याच दिवशी शीख लोक बंदी छोड दिवस साजरा करतात, त्याआधी ते टपालात पडायला हवं.