पोतारलेल्या भिंती

आमच्या तासगाव-खानापूर पट्ट्यात एके काळी एंड्रिन या कीटकनाशकाचा धाक होता. कुणी एंड्रिन प्यायलं की पोलीस पाटील, पंचनामा, सांगलीचं सिव्हिल, आणि मग महिनाभर पारावर तोच विषय. बाटली ठेवायची ती पोरांचा हात पोचणार नाही अशा जागी. १९९० साली त्यावर बंदी आली. बीएचसीच्या पावडरीला मात्र असला मान नव्हता. ती फडक्यात बांधून पिकावर झटकायची, उरलेली बाजेच्या सांध्यांत ढेकणांसाठी. आणि डीडीटी तर सरकारनंच घरी आणून दिलेलं. १९५३ साली हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून फवारणीवाले यायचे, भिंती आणि गोठे भिजवायचे, चौकटीवर तारीख टाकून पुढच्या घरी जायचे. हिवताप त्यानं खरंच हटला. हिवतापानं पोटातलं मूलही जायचं, हे विसरून डीडीटीला शिव्या देणं सोपं आहे.

पण फवारलेल्या भिंतींचं पुढं काय व्हायचं, ते बायकांनाच माहीत. दसऱ्याआधी घर काढायचं, पोपडे खरवडायचे, सगळ्या भिंती पांढऱ्या मातीनं हातानं पोतारायच्या. हे काम सुनांचं, दिवस गेलेले असले तरी. शिवाय डोहाळे. माती खायची ओढ लागलेल्या बायका तोच पोपडा हळूच तोंडात टाकायच्या. आजी हसत सांगायची, "पयला पाऊस पडला की भित्ताडाचा असा वास सुटायचा, बाई, राहवायचंच न्हाई." तिच्यासोबत मीही हसायचे.

डीडीटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते चरबीत मुरतं आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतं. तिथून वारेतून गर्भात, पुढं दुधात. अंगावर पाजताना आईचा साठा कमी होत जातो, म्हणून पहिल्या बाळाच्या वाट्याला सहसा जास्त येतं. (म्हणून पाजू नये, असं कुठलाही शहाणा डॉक्टर सांगत नाही.) पोटात मुलगी असेल तर तिची स्त्रीबीजं तिच्या जन्माआधीच तयार झालेली असतात. म्हणजे आजी त्या भिंतीवरून हात फिरवत होती तेव्हा आई तिच्या पोटात होती, आणि निम्मी का होईना, मीही तिथंच होते.

हे नुसतं माझ्या मनाचं खूळ नाही. कॅलिफोर्नियातल्या ऑकलंड परिसरात १९५९ ते १९६७ या काळात हजारो गरोदर बायकांचं रक्त काढून गोठवून ठेवलं होतं. बार्बरा कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकांनी ते तपासलं. २०१५ साली त्यांनी मांडलं, की ज्यांच्या आयांच्या रक्तात डीडीटीचा एक विशिष्ट प्रकार सर्वांत जास्त होता, त्या मुलींना बावन्नाव्या वर्षापर्यंत स्तनांचा कर्करोग होण्याचा धोका जवळपास चौपट होता. २०२१ मध्ये ते नातींपर्यंत गेले. त्यांच्यात लठ्ठपणा आणि लवकर आलेली पाळी यांच्याशी आजीच्या रक्तातल्या डीडीटीचा संबंध दिसला.

आमच्या आज्यांचं रक्त असं बर्फात नाही. त्यामुळं गावात एखादीच्या छातीत गाठ निघाली की 'नशीब' नाहीतर 'हल्लीचं खाणं' यापलीकडं कुणी जात नाही. पंचनामा झाला तो एंड्रिनचा.

आता सह्याद्रीच्या पलीकडं, कोकणात बघा. तिथली गोष्ट सुरू होते इटलीत. विचेंझाजवळचा मितेनी हा कारखाना पीएफएएस नावाची, सहजासहजी नष्ट न होणारी रसायनं बनवायचा. तिथल्या लाखो लोकांच्या परिसरातलं भूजल दूषित झालं, २०१८ मध्ये कारखान्याचं दिवाळं निघालं, आणि जून २०२५ मध्ये न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं. तिथली यंत्रसामग्री भारतीय कंपनीनं विकत घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत आणली. खालच्या वाशिष्ठी नदीत, वीज करून झालेलं आमच्या साताऱ्याच्या कोयनेचं पाणी उतरतं. लोट्यात काही बिघडलंय, असं मी म्हणत नाही. बिघडायच्या आधीची नोंद हवी, एवढंच म्हणते. गरोदर बाईचं रक्त हिमोग्लोबिनसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात काढतातच. तिला विचारून त्यातलं थोडं जास्त घ्यावं आणि मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, रत्नागिरीत, जिथं शीतपेटी आहे तिथं, नाव-गाव-तारखेसह ठेवून द्यावं. ऑकलंडमध्ये ते साठवलं तेव्हा त्यातून पुढं काय निघेल, ते तिथंही कुणाला ठाऊक नव्हतं.