कर्जमुक्ती हेही मुक्तीचेच काम

‘गरिबाला पैसा वापरता येत नाही’ हे वाक्य शिकलेली माणसे फार सहज बोलतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या आसपासच्या वस्त्यांत बचतीवर बोलायला येणारे पाहुणेही थोड्या गोड शब्दांत हेच सांगतात. चहा कमी करा, रिचार्ज छोटा मारा, महिन्याला अमुक इतके बाजूला टाका. समोर बसलेल्या बाया टॉवेल कारखान्यांत शिलाई, घडी आणि पॅकिंग करतात. मजुरी नगावर. वीज गेली, ऑर्डर थांबली की कमाई थांबते. ज्या बाईला पुढच्या आठवड्यात किती येणार हेच ठाऊक नाही, तिला महिन्याचे बजेट शिकवणे ही चेष्टा आहे.

मी लूमवर काम करणाऱ्या बापाचा मुलगा. आमच्या घरी पगाराच्या दिवशी पैशांवर कुणी बोलत नसे. कुणाचे किती द्यायचे हे वडिलांना माहीत, किराणा किती उधार हे आईला माहीत. दोघांचा हिशेब एकत्र कधी आलाच नाही. पुढे समाजशास्त्रात एम.ए. करताना कळले की ही गप्प बसण्याची सवय काही आमच्याच घरची नव्हती, आणि ती आकाशातूनही पडलेली नव्हती.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राने, ऐपत असली तरी, धनसंचय करू नये असे सांगितले आहे. आठव्या अध्यायात तर व्याजाचे दरच वर्णानुसार आहेत: ब्राह्मणाला दरमहा शेकडा दोन, क्षत्रियाला तीन, वैश्याला चार, शूद्राला पाच. ज्याच्याकडे सर्वांत कमी, त्याला सर्वांत महाग कर्ज! आज वर्णाचे नाव कुणी घेत नाही. पण बँकेत पत असलेल्याला घरासाठी स्वस्त दराने कर्ज मिळते आणि आमच्या वस्तीत हातउसने महिन्याला शेकडा दहाने मिळते. म्हणजे वर्षाला एकशेवीस टक्के. मग पैसा वापरता कुणाला येत नाही, गरिबाला की व्यवस्थेला?

एका मावशींचे उदाहरण देतो. वीस हजार घेतले होते, मुलीच्या बाळंतपणाला. दर महिन्याला दोन हजार व्याज जात होते. दहा महिन्यांत मुद्दलाइतके व्याज फिटले आणि मुद्दल जागच्या जागी. शिवाय दोन मायक्रोफायनान्सचे हप्ते. घरात मुलाला यातले एकच कर्ज ठाऊक होते. आम्ही विहारात बसून एका कागदावर सगळे लिहिले: कुणाचे, किती, शेकडा किती, आतापर्यंत किती दिले. मावशी म्हणाल्या, “बाळा, मला वाटायचं मीच उधळी आहे.” कागदावर उधळपट्टी कुठेच नव्हती. होते ते बाळंतपण, औषधे आणि व्याज.

लाज गेली की कायदा दिसतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. परवानाधारक सावकारालाही मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे करता येते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार मायक्रोफायनान्सचे कर्ज देताना त्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, आणि सकाळी नऊच्या आधी व संध्याकाळी सहानंतर वसुलीचा तगादा लावता येत नाही. हे वस्तीतल्या किती जणांना माहीत आहे?

काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, हिशेबाच्या वह्या कसल्या शिकवता, लढा मजुरीचा आहे. लढा मजुरीचाच आहे. पण ज्याने मालकाकडून उचल घेतली आहे, तो मालकासमोर युनियनचा झेंडा कसा धरणार? ज्याचा हप्ता सोमवारी आहे, तो शनिवारी संपाला कसा बसणार? कर्ज माणसाचा आवाज बसवते. म्हणून घरातला हिशेब हा चळवळीबाहेरचा विषय नाही.

बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. पैसा हा क्षुद्र विषय मानणे ही चैन त्यांना परवडणारी नव्हती, आपल्यालाही नाही. तथागतांनीही गृहस्थाला गरिबीचे गोडवे गाऊन दाखवले नाहीत. अंगुत्तर निकायात अनाथपिंडिकाला सांगितलेल्या चार सुखांत धन असण्याचे सुख आहे, ते उपभोगण्याचे आहे, निर्दोष जगण्याचे आहे, आणि ऋण नसण्याचे सुखही आहे. त्याला ‘अनणसुख’ म्हणतात. सिगालोवाद सुत्तात कमाईचे चार भाग सांगितले: एक उपभोगाला, दोन उद्योगाला, एक अडीअडचणीला. नगावर मजुरी घेणाऱ्याला हे प्रमाण आज जमणार नाही. पण अडीअडचणीचा भाग आपल्या हक्काचा आहे, आणि पीएफ नियमाने भरला जातो का हे विचारणे हा तोच भाग मागणे आहे.

आपल्यालाही आपल्याच लोकांशी एक कडू गोष्ट बोलावी लागेल. लग्नात मंडप मोठा हवा, जयंतीला डीजे हवा, आणि त्यासाठी कर्ज काढायचे, ही प्रतिष्ठा कुणाकडून उसनी घेतली? शतकानुशतके नाकारलेला मान मिरवावासा वाटतो, हे मी समजू शकतो. पण तो मान शेकडा दहाने विकत घेतला की मिरवणूक आपली आणि नफा सावकाराचा.

म्हणून सुरुवात साधी करू. नवरा-बायको आणि मोठी मुले एका कागदाभोवती बसू द्या. सर्वांत महाग कर्ज सर्वांत आधी फेडायचे. नवे कर्ज घेण्याआधी वर्षाचे व्याज रुपयांत काढायचे. रविवारी वंदनेनंतर विहारात अर्धा तास यासाठी ठेवायचा. तिथे लाज बाहेर चपलांबरोबर काढून यायची.

जय भीम!