दुखतंय की जोर नाही?

वरच्या फळीवरचा डबा काढताना हात अर्ध्यातच खाली येतो, अशी तक्रार घेऊन पेशंट आला की फिजिओथेरपिस्टला आधी एवढंच ठरवायचं असतं: स्नायूत जोरच नाही, की दुखतंय म्हणून तो लावला जात नाही?

खांद्याभोवतीच्या रोटेटर कफमध्ये स्नायू चार. त्यातल्या वरच्या सुप्रास्पायनेटसची ‘एम्प्टी कॅन’ चाचणी लॉस एंजेलिसच्या डॉ. फ्रँक जोब यांच्या नावावर आहे. बेसबॉलच्या डॉजर्स संघाचे ते डॉक्टर होते, त्यामुळे फेकणाऱ्यांचे खांदे त्यांच्या रोजच्या हाताखालचे. हात खांद्याइतके वर, किंचित पुढे, अंगठे जमिनीकडे आणि वरून दाब. पण अंगठा खाली वळला की दुखऱ्या खांद्यात कळ उठते आणि हात कळीनेच पडतो. म्हणून पुष्कळजण अंगठा वर ठेवूनच तपासतात. ते शहाणपणाचं.

दाब हळूहळू वाढवायचा. झटका दिला तर धडधाकट हातही निसटतो. दुखरा हात बहुधा आधी नीट धरतो आणि मग एकदम सोडतो. खरा कमजोर हात पहिल्यापासूनच खाली सरकत जातो. शंका उरलीच तर डॉक्टर खांद्यात बधिर करणारं इंजेक्शन देतात. कळ थांबल्यावर जोर परत आला, तर खोट दुखण्याची.

पुढच्या सबस्कॅप्युलरिससाठी स्विस सर्जन ख्रिस्तियन गेर्बर यांची ‘बेली प्रेस’. तळहात पोटावर दाबायचा, कोपर पुढे ठेवायचं. कमजोर स्नायूचा पेशंटही पोट जोरात दाबतो आणि जमलं म्हणून खुशीत बघतो. तोवर त्याचं मनगट मुडपलेलं असतं, कोपर मागे गेलेलं असतं. दंड मागे ओढून काम भागवलेलं! इथे दाबापेक्षा कोपरावरची नजर कामाला येते.

नोंद 0 ते 5 अशा श्रेणीत होते. पण ती तपासणाऱ्याच्या हातावर अवलंबून. तालमीतल्या पैलवानाचा बराच जोर गेला, तरी बारीक चणीच्या फिजिओला तो 5 च वाटणार. हातात धरायचा डायनॅमोमीटर निदान आकडा तरी देतो. तो नसेल तर दुसऱ्या खांद्याशी तुलना करायची. साठीनंतर मात्र तीही बेभरवशाची, कारण न दुखणाऱ्या खांद्यातही टेंडन फाटलेलं असू शकतं. अशा वेळी दोन्ही खांद्यांची सोनोग्राफी करून घेतलेली बरी.