पंगत

परवा शिरूरला आमच्या बी.कॉम.च्या बॅचचा स्नेहमेळावा झाला. दौंडहून आम्ही एस.टी.ने गेलो. मटण-भाकरीची पंगत बसली. कॉलेजात असताना गावातल्या एका मित्राच्या घरी आम्हाला वरून ओंजळीत पाणी मिळे. आज तोच हाताला धरून म्हणाला, "इथं बस, माझ्या शेजारी."

बाबासाहेब आठवले. १९१६ साली लंडनच्या ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव नोंदवले. तिथे नुसत्या परीक्षेवर भागत नसे. बॅरिस्टर व्हायचे तर सभागृहातल्या पंगतीला ठरावीक वेळा जेवावेच लागे. आणि १९१७ साली बडोद्यात त्याच बाबासाहेबांना राहायला जागा मिळेना!

मित्राने रस्सा वाढला. आम्ही पोटभर जेवलो. त्याची आई कशी आहे, एवढे मात्र आम्हाला विचारवले नाही.