कडबनवाडीच्या माळावर

बारामती सोडली की नीरा डाव्या कालव्याचा ऊस बराच वेळ दोन्ही बाजूंनी चालत राहतो. मग एखाद्या चढाला तो सुटतो आणि इंदापूर तालुक्यातलं जिरायती रान लागतं. कडबनवाडीचा माळ बघायचं फार दिवसांपासून मनात होतं. वन विभागाने इथे आणि बारामती तालुक्यातल्या गाडीखेलला गवताळ रानाची सफारी सुरू केल्यापासून लोक लांडगा पाहायला लांबून येतात. भाद्रपद सरत आला होता, गवत गुडघ्याला लागत होतं. काही चिंकारे मान वर करून आमच्याकडे बघत राहिले आणि मग एकाच वेळी उधळले. लांडगा दिसला नाही, पण त्याचं रान पाहिलं याचंच समाधान मोठं होतं.

सफारी आटोपून गावच्या रस्त्यानं पायी येत होतो. समोरून मेंढरं आली म्हणून कडेला उभा राहिलो. मेंढरांच्या मागून एक करडं कुत्रं आलं, भुंकलं नाही, गुरगुरलंही नाही. थेट पोटरीत दात.

“पाव्हणं, हलू नगा!” धनगरानं काठी आपटली आणि कुत्रं बाजूला झालं. पँट वर केली तर दोन खोल खुणा, त्यातून रक्त येत होतं. त्याची बायको धावत आली. चंचीतला चुना काढून जखमेवर लावायला तिनं बोट पुढे केलं. मी म्हणालो, “मावशी, चुना नको, साबण आहे का?” शेजारच्या बांधावर बोअरचा पाइप चालू होता. कपड्याच्या साबणाची वडी आली, मावशींनी पाइप धरला आणि मी फेस करून जखम धुवत राहिलो. दोनतीन मिनिटांनी त्यांनी विचारलं, “झालं न्हवं आता?” पुरता पाव तास धुवायचं असतं, हे त्यांना पटत नव्हतं, पण पाइप त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेतून येतो, मांसात काही काळ थांबतो आणि मग मज्जातंतूंच्या वाटेनं मेंदूकडे सरकतो. त्याच्यावर स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं, ते साबणानं फुटतं. एकदा लक्षणं दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून जे करायचं ते आधी, आणि पहिलं औषध हे पाणी आणि साबण. चुना, मिरची, हळद यांनी जखम चिघळते, विषाणू मरत नाही.

इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, धुतलं का? त्यांनी टाका घातला नाही. रक्त आलेली जखम म्हणजे तिसरा वर्ग. तिथे लसीबरोबर तयार प्रतिपिंडंही द्यावी लागतात आणि ती जखमेच्या आतच टोचतात. तेवढं मात्र डोळ्यांत पाणी आणणारं होतं. लस दंडावर, कातडीच्या आत. कार्डावर पुढच्या तारखा पडल्या: तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा दिवस. रांगेतल्या एका आजोबांनी पोटात घेतलेली चौदा इंजेक्शनं आठवून सांगितली. मेंढ्यांच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीपर्यंत बनत होती. पाश्चरनं १८८५ मध्ये पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलेल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला वाचवलं, त्याला तोवर एकशेवीस वर्षं होत आली होती.

पुढची सुई बारामतीत घेतली. पाय ठणकत होता, पण त्या कुत्र्याबद्दल राग नव्हता. मेंढरांपाशी अनोळखी माणूस उभा राहिला, त्यानं त्याचं काम केलं. डोक्यात घोळत होतं ते धनगराचं बोलणं. “मेंढरास्नी टोचायला डाक्टर येतो. कुत्र्याला कोन टोचनार?” ज्या माळावर आपण लांडगा पाहायला जातो, तिथे तेच कुत्रं त्याच्या शेजारी राहतं. पुण्याजवळ लांडगा आणि कुत्र्याचा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झाला आहे. जिथे संकर होतो तिथे रोगाचीही देवाणघेवाण होणारच. धनगरांच्या तळावरच्या, म्हणजे वाड्यावरच्या, कुत्र्याला लस टोचली तर धनगराची पोरं वाचतात, पाहुणा वाचतो आणि लांडगाही वाचतो. शंभरांतल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर साखळी तुटते. गोव्यानं कुत्री जाळ्यात धरून, टोचून, खूण करून सोडली आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं. आपल्या माळावर तर जाळंही लागणार नाही. धनगराच्या हाकेला कुत्रं येतं.

चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते, म्हणून फोन नंबर घेऊन ठेवला होता. मुदत संपल्यावर धनगराचाच फोन आला. कुत्रं ठणठणीत होतं. मग त्यानं विचारलं, “त्याला टोचून कुटं मिळंल?” जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना सांगितला आणि कुत्री सगळीच न्या, असं बजावलं. दिवाळी झाली की वाडा कोकणात उतरायचा होता, त्याच्या आत हे व्हायला हवं होतं.