एकदांडीचे गोत

रस्त्याच्या कडेला, पडक्या भिंतीच्या सांदीत, मुरमाड माळावर, जिथे कुणी मुद्दाम काही लावीत नाही, तिथे एक लहानसे फूल वर्षातील बहुतेक महिने उमललेले असते. मध्ये पिवळी चकती, भोवती बहुधा पाचच फिकट पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दाते. वीतभर उंच अशा एका सरळ दांड्यावर ते एकटेच उभे असते. म्हणून ते एकदांडी. खोड मात्र भुईवर लोळते. त्यामुळे आपल्या लोकांनी त्याला कंबरमोडी असेही नाव दिले. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५३ साली त्याचे नाव ग्रंथात नोंदवले, 'ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स'. सेमिनरीत शिकलेले लॅटिन इथे उपयोगी पडते: प्रोकम्बेन्स म्हणजे भुईवर पडलेले. पंडिताने आणि गुराख्याने एकच गोष्ट पाहिली होती!

माझ्या सेवेची काही वर्षे दुष्काळी भागातील एका धर्मग्रामात गेली. वैशाखात विहिरींचे तळ दिसू लागत. बांधावरचे गवत वाळून जाई; एकदांडीची पाने आक्रसत, काळवंडत, पण तिचे सोटमूळ खाली तग धरून राही आणि वळवाच्या एका सरीने तिला पुन्हा पालवी फुटे. शेळ्या राखणाऱ्या एका मावशी या पाल्याचा रस खरचटल्यावर लावीत. "फादर, हा दगडी पाला. दगडातून येतो, म्हणून रक्ताला थांबवतो," असे त्या म्हणत. जखमा भरण्याच्या या गुणाचा अभ्यास पुढे प्रयोगशाळांत उंदरांवरही झाला आहे. खोल जखमेसाठी दवाखानाच गाठावा, हे वेगळे सांगायला नको.

इतकी आपली वाटणारी ही वनस्पती मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेकडची आहे. ती सूर्यफुलाच्या कुळातली. याच कुळातला आणि त्याच मुलखातला झेंडू आज दसऱ्याला महाराष्ट्राच्या दारोदारी तोरणात मिरवतो. तो परका आहे असे कुणाच्या मनातही येत नाही. त्याच कुळातले गाजरगवतही अमेरिका खंडातूनच आले. १९५५च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. ते पिकांना दाबते, अनेकांच्या अंगावर पुरळ उठवते, श्वासाचा त्रास देते. कूळ एक, खंड एक. पण एकाचे तोरण झाले, एक शेतकऱ्याची डोकेदुखी ठरले आणि एक जखमेवरचा पाला झाले. तेव्हा केवळ मूळ गावावरून कुणाची परीक्षा कशी करावी?

हा प्रश्न वनस्पतींपुरता राहत नाही. दुष्काळाने गाव सोडायला लावलेली कितीतरी कुटुंबे आज आपल्या शहरी धर्मग्रामांत राहतात. त्यांची मुले आपल्या मुलांबरोबर धर्मशिक्षणाच्या वर्गात बसतात. वीस वीस वर्षे झाली, तरी सोयरिकीची गोष्ट निघाली किंवा समितीवर नाव सुचवले की हलक्या आवाजात कुणीतरी म्हणतेच, "ते बाहेरचे." या दोन शब्दांनी होणाऱ्या जखमेला कोणताही पाला चालत नाही.

२ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनापूर्वी आपण दफनभूमी स्वच्छ करतो. विळा हाती घेतलेल्या तरुणांना माझे एवढेच सांगणे असते: गाजरगवत हातमोजे घालून, फुलण्याआधी मुळासकट उपटा. एकदांडी दिसली तर राहू द्या. तिच्यावर लहान फुलपाखरे येतात. आणि शेजारी खुरपे घेऊन बसलेला मुलगा कोणत्या गावाहून आला, हे विचारण्याआधी त्याला पाण्याचा तांब्या द्या.