आंधी आली, खिडक्या लावा!

मे महिना होता, दुपारचे चार वाजले असतील. रत्नागिरीहून जयपूरला येऊन तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते. गच्चीवर वाळत घातलेले सांडगे काढायला ती वर गेली आणि पश्चिमेकडे बघतच राहिली. आभाळाच्या कडेला पिवळसर तपकिरी रंगाची एक भिंत उभी होती, आणि ती भिंत पुढे सरकत होती! कोकणातल्या मुलीला ढग ओळखता येतात. हा ढग काही तिच्या ओळखीचा नव्हता. तरी पाऊस येणार म्हणून ती कौतुकाने उभी राहिली. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून मांजी ओरडल्या, "अरी बहू, खडी क्या है? आंधी आ रही है, खिडकियाँ बंद कर!"

सांडगे गेले ते गेलेच. घरातल्या आठ खिडक्यांपैकी पाच लागल्या, तीन राहिल्या. दिवसाढवळ्या अंधार झाला, वीज गेली, दारे आपटू लागली. अर्ध्या तासाने सारे शांत झाले तेव्हा हवेत छान गारवा आला होता. पण घरात मात्र गादीवर, झाकण नसलेल्या आमटीत, देव्हाऱ्यातल्या गणपतीच्या सोंडेवर, सगळीकडे पिठासारखी मऊ धूळ बसली होती. चार वर्षांचा मुलगा भलताच खूश. तो जेवणाच्या टेबलावर बोटाने हत्ती काढत बसला होता. आणि ती, हातात केरसुणी घेऊन, चक्क रडत होती.

ही गोष्ट 2015 सालची. नवऱ्याला सीतापुरा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात चांगली नोकरी लागली आणि हे त्रिकोणी कुटुंब राजस्थानात आले. घर बघताना दोघांनी एकच गोष्ट पाहिली होती, भरपूर खिडक्या. हवेशीर घर हा आपला मराठी माणसाचा हट्टच असतो म्हणा ना! पण जयपूरच्या जुन्या शहरातल्या हवेल्या पाहिल्या की कळते, तिथले लोक वेगळा विचार करीत. बाहेरच्या बाजूला जाड भिंती, लहान खिडक्या, दगडी जाळ्या; आणि उजेड-वाऱ्यासाठी आत मोकळा चौक. 1799 साली बांधलेल्या हवामहालाला 953 खिडक्या आहेत हे खरे, पण त्याही कशा, तर इवल्या इवल्या, जाळीच्या. नव्या वसाहतींत मात्र मुंबई-पुण्यासारख्या भिंतभर सरकत्या काचा. त्यांच्या फटींतून रेती आत यायला कितीसा वेळ लागणार?

कोकणात माती नसते असे नाही. पण तिथली तांबडी माती पायाला चिकटते, पायरीवर पाय धुतले की संपते. इथली हवेत राहते. शहराच्या उत्तरेला नाहरगडचा डोंगर आहे, पूर्वेला झालाण्याच्या टेकड्या आहेत, पण मे-जूनमध्ये वारा येतो तो पश्चिमेकडून, थरच्या वाळवंटाच्या अंगाने. तापलेली कोरडी जमीन, त्यावर जोराचा वारा, की उठली आंधी! जुलैच्या सुरुवातीला पाऊस येईपर्यंत हे असेच चालायचे. शिवाय बांधकामे, उकरलेले रस्ते आणि वाहनांच्या चाकांनी पुन्हा पुन्हा उडणारी रस्त्याकडेची धूळ, ही तर बारमाहीच.

हळूहळू ती शिकली. मांजी तिच्या गुरू. केरसुणीने झाडायचे नाही, ओल्या फडक्याने पुसून घ्यायचे. कोरडा केर काढला की खाली बसलेली धूळ उठून नाकात जाते. खिडकीच्या खाचेत ओले कापड दाबून ठेवायचे. पाण्याच्या माठावर झाकण, झाकणावर फडके. कूलरच्या जाळीतला वाळा दर उन्हाळ्यात नवा घालायचा, नाहीतर त्याला बुरशी धरते आणि कूलर तीच घरभर फुंकत बसतो. दुपारी कैरीचे पन्हे, ते मात्र तिने मांजींना शिकवले.

धुळीशी अशी तडजोड झाली. पण मुलाचा खोकला काही जाईना.

पहिला खोकला 2016 च्या मार्चमध्ये आला. रात्री झोपेत खोकायचा, पहाटे अधिक. जवळच्या एका डॉक्टरांनी ॲलर्जीचा खोकला म्हणून औषधाची बाटली दिली, मग दुसरी, मग तिसरी. वर्षभरात स्वयंपाकघराच्या खिडकीत बाटल्यांची रांग लागली. त्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका रात्री दोन वाजता ती जागी झाली तर मुलगा अंथरुणावर उठून बसलेला, दोन्ही हात गादीवर टेकलेले, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. त्याला बोलता येत नव्हते. नवऱ्याने स्कूटर काढली, तिने मुलाला पोटाशी धरले आणि धुराने भरलेल्या त्या थंड रस्त्यावरून दोघे रुग्णालयात पोहोचले. तोंडावर वाफाऱ्याचा मुखवटा लावल्यावर वीस मिनिटांनी तो पहिले वाक्य बोलला, "आई, तू चप्पल घातली नाहीस."

तिथल्या डॉक्टरांनी आढेवेढे न घेता सांगितले, हा दमा आहे. रोज दोन वेळा प्रतिबंधक पंप घ्यायचा, आणि धाप लागली तर दुसरा, आरामाचा.

सातारला फोन गेला आणि तिकडून सासूबाईंचा आवाज आला, "आमच्या घराण्यात कुणाला दमा नाही. आणि पंपाबिंपाची सवय लावू नकोस हो पोराला, जन्माचा अडकेल." आपल्याकडे घरोघरी हे ऐकू येते. श्वासातून घ्यायच्या त्या औषधाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, गोळीच्या मानाने फारच थोडी, आणि ती थेट श्वासनळ्यांत जाते. व्यसन लागण्यासारखे त्यात काहीच नसते. पंप घेतल्यावर चूळ मात्र भरायची, नाहीतर तोंडात बुरशी होऊ शकते. हे सारे डॉक्टरांनी समजावले होते. तरीही थंडी संपून मुलगा बरा दिसू लागला तेव्हा तिने पंप बंद केला. सासूबाईंसाठी केला असे ती म्हणे. खरे तर तिलाही तो पंप नकोच होता. शाळेच्या दप्तरात पंप म्हणजे मुलगा आजारी, हे मान्य करावे लागले असते. 2017 च्या मार्चमध्ये तीन दिवस रुग्णालयात काढावे लागले. पंप पुन्हा सुरू झाला.

2 मे 2018 च्या रात्री अलवर, भरतपूर, धौलपूरकडे भयंकर आंधी झाली. राजस्थान आणि उत्तर प्रदेश मिळून शंभराहून अधिक माणसे गेली, कित्येक घराखाली सापडून, झोपेतच. दुसऱ्या दिवशी दूरदर्शनवर पडलेल्या भिंती बघताना तिने नवऱ्याला सांगून टाकले, "अहो, मी त्याला घेऊन रत्नागिरीला जाते. तुम्ही इथं राहा. वर्षभर तरी बघू." नवरा गप्प राहिला. त्या गप्प राहण्यात होकार होता की राग, हे तिला आजही सांगता येत नाही.

रत्नागिरीत जून बरा गेला. समुद्राची हवा, आजोळ, आंबे. पण श्रावणात भिंतींना ओल आली, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येऊ लागला, आणि मुलगा पुन्हा खोकू लागला! दमेकऱ्याला ओल आणि बुरशीही सोसत नाही. तिने मनाशी रंगवलेले कोकण तेवढे निर्दोष नव्हते. इकडे मुलगा दर रविवारी फोनवर बाबांना विचारी, "गच्चीवर पतंग कोण उडवतं?" वर्ष पुरे करून 2019 च्या एप्रिलमध्ये दोघे जयपूरला परतली.

आणि मग आले 2020. 25 मार्चपासून सारा देश बंद. रस्ते ओस, कारखाने बंद, बांधकामे बंद. जयपूरचे आभाळ असे निळे झाले की गच्चीवरून नाहरगडचा तट स्पष्ट दिसू लागला. हवेच्या निर्देशांकाचे आकडे भराभर खाली आले. ती हरखून गेली. इतक्या वर्षांनी तिने आठच्या आठ खिडक्या दिवसभर उघड्या टाकल्या. आणि चौथ्या दिवशी मुलाला धाप लागली.

हे कोडे तिला उलगडेना. धूळ नाही, धूर नाही, कुणाचा संसर्ग नाही, मग काय आहे? सासूबाई तेव्हा टाळेबंदीमुळे जयपुरातच अडकल्या होत्या. खिडकीशी बसून त्या गहू निवडत होत्या. बाहेरच्या झाडाकडे बोट करून म्हणाल्या, "अगं, हा आपला वावळच की! आमच्या गावच्या ओढ्याला रांगेनं होते. फुलोऱ्यात असला की माझ्या थोरल्या भावाला शिंका सुटायच्या. दर शिमग्याला."

इकडे त्या झाडाला चिलबिल म्हणतात. त्याची चपटी, गोल, कागदासारखी फळे वानरे खातात म्हणून 'बंदर की रोटी' हेही नाव आहे. जयपुरात ही झाडे जागोजागी आहेत. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चभर त्यांचे परागकण वाऱ्यावर सुटतात, डोळ्यांना दिसतही नाहीत, आणि त्या दिवसांत शहरात दमेकऱ्यांचे हाल होतात, हे इथल्या डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. पुढे मुलाच्या दंडावर टोचून ॲलर्जीची चाचणी केली तेव्हा चिलबिलच्या थेंबापाशी टपोरी गांध उठली. सगळे मार्च महिने तिला एकदम आठवले. 'आमच्या घराण्यात कुणाला नाही' म्हणणाऱ्या सासूबाईंनाही आपला भाऊ आठवला असणार. त्या दिवसानंतर पंपाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

इतकी वर्षे ती पिवळ्या भिंतीशी भांडत होती. आंधीची धूळ निरुपद्रवी असते असे नव्हे; दमेकऱ्याला तीही बाधते. पण तिचे मोठे कण बरेचसे नाका-घशातच अडकतात. खरे दगाबाज ते अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण. माणसाचा केस त्यांच्या वीस-तीस पट जाड असतो. ते थेट फुप्फुसांच्या तळाशी जातात, आणि जयपुरात ते वाढतात ते उन्हाळ्यात नव्हे तर नोव्हेंबर ते जानेवारीत, जेव्हा थंड हवा जमिनीलगत साचून राहते आणि वाहनांचा, फटाक्यांचा, रात्री शेकोटीत घातलेल्या टायरचा धूर वर जाऊच शकत नाही. या कणांसाठी आपल्या देशाने घनमीटरला 24 तासांची सरासरी 60 मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरवली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सांगितलेली आहे 15. तोंडाला ओढणी गुंडाळून रेती अडते, हे कण अडत नाहीत. त्यासाठी नीट घट्ट बसणारा एन-95 मुखवटाच हवा.

झाड तोडावे असे नवऱ्याच्या मनात आले होते. सोसायटीत अर्ज करायचीही तयारी झाली. पण परागकण काही एका झाडाचे नसतात, वाऱ्यावर ते गावभर हिंडतात. आणि मे महिन्यात त्याच झाडाची सावली त्यांच्या भिंतीवर पडते. अर्ज राहिला.

मध्यंतरी घरच्या देव्हाऱ्यासाठी विठ्ठल-रखुमाई आणायला ती खजानेवालों का रास्ता या गल्लीत गेली होती. संगमरवराच्या मूर्ती घडवणाऱ्यांची ही गल्ली. घासण्याच्या यंत्रापाशी बसलेला कारागीर केसांपासून पापण्यांपर्यंत पांढरा झालेला. तोंडाला फक्त एक रुमाल. तिने पुढे वाचले की संगमरवरापेक्षा वालुकाश्माची धूळ अधिक घातक, तिच्यात सिलिका भरपूर. खाणींत आणि दगडकामात राबणाऱ्या कितीतरी जणांना त्यातून सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. राजस्थान सरकारने 2019 मध्ये अशा रुग्णांसाठी मदतीचे धोरण केले. मूर्ती घरी आली. ती पुसताना तिला तो रुमाल आठवतो. आपल्याला निदान खिडकी तरी लावता येते.

मुलगा आता दहावीच्या उंबरठ्यावर आहे. फेब्रुवारीच्या मध्यावर डॉक्टरांना भेटून औषधाची मात्रा ठरवून घेतली जाते, महिना-दीड महिना सकाळच्या वेळी खिडक्या बंद, कपडे आतच वाळतात. वर्षभरात एखादी वाईट रात्र येतेच. पण तो क्रिकेट खेळतो.

जयपूरची संक्रांत म्हणजे अख्खे शहर गच्चीवर. यंदाही सकाळपासून 'वो काटा!' चा गलका होता. सासूबाई शाल पांघरून चकरी धरायला बसल्या होत्या. अंधार पडला की इथे फटाके सुरू होतात आणि आभाळात कागदी दिवे सोडतात. दिसायला सुंदर, धूर मात्र दाट. मुलगा एरवी हात धरून ओढावा लागे. या वेळी पहिला बाण उडाल्याबरोबर त्याने मांजा कापला, पतंग जाऊ दिला आणि आपणहून खाली आला. पंप घेतला आणि तिळगुळाच्या डब्याकडे हात नेला.

"आधी चूळ भर," जिन्यातून सासूबाई ओरडल्या.